सत्काराची तडजोड

२ मार्च

कामगार कल्याण अधिकारी यांस,

विषय : आपले निमंत्रण.

पत्र पोचलं. कागद जाड आहे, कडेला सोनेरी रेघ आहे, सुरुवातीला 'आदरणीय बाई' आहे आणि खाली तुझी सही आहे. कंपनीने नवीन पाळणाघर बांधलंय, त्याला माझं नाव द्यायचंय. शेतमजूर बायांसाठी मी आयुष्य वेचलं म्हणून पंधरा तारखेला जाहीर सत्कार करायचाय. घ्यायला गाडी येईल. 'वेचलं' हा शब्द तुझा की टायपिस्टाचा ते कळलं नाही. आम्ही टोमॅटो तोडायचो, वेचायचो नाही, हे निदान तुला तरी माहीत असायला हवं होतं.

तुझं ते पत्र हातात घेऊन मी दारातच उभी होते तेवढ्यात लांबडी आली. लांबडी म्हणजे आपल्या संघटनेची सभासद, उंच आहे, दारातून आत यायचं तर मान वाकवावी लागते तिला. तिच्याही हातात कागद होता. पातळ, बिनरेघेचा. 'खोटी नोंद केल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे.' खाली पुन्हा तुझीच सही. एका दिवशी एकाच दारात तुझ्या दोन सह्या आल्या. अक्षर मात्र सुधारलंय, लहानपणी तुझा हात असा वळणदार नव्हता.

लांबडीने काय केलं ते तुला कागदावर कळलंच असेल. मी शेतावरचं सांगते. तिच्या शेजारच्या पातीवर धाकटी होती, आमच्या बायांतली वयाने सगळ्यात लहान. धाकटीला सातवा महिना चालू आहे, तिला वाकवत नाही. लांबडीची ओळ तोडून झाली, तशी ती पलीकडच्या टोकाला गेली आणि धाकटीच्या ओळीत समोरून तोडत आली. भरलेले क्रेट धाकटीच्या नंबरावर टाकले. आता तुम्ही प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा बांधलाय, कोण कुठे उभी आहे ते त्यात दिसतं म्हणे. तर पट्ट्यात दिसलं की लांबडी उभी आहे धाकटीच्या पातीवर. झाली खोटी नोंद.

ज्या कामासाठी तिला काढलं, त्याच कामासाठी तुम्ही माझा सत्कार करताय. पातीवर मागे राहिलेल्या बाईला समोरून गाठायचं, हे मी ह्या शेतावर कंपनीच्या आधीच्या मालकाकडून लेखी करून घेतलं होतं. तू विसरली असशील म्हणून सांगते. विसरली नसशील तर मुद्दाम सांगते.

लांबडीला कामावर घ्या. मग सत्काराचं बघू.

अर्ज लिहिण्यात माझा हात बसलेला आहे, म्हणून हा असाच लिहिला. तुला पत्र लिहायची वेळ आतापर्यंत कधी आली नव्हती.

— बाई


५ मार्च

अधिकारीबाई,

तुझं उत्तर आलं, चार ओळींचं. तीन ओळींत नियम आहेत आणि चौथी आहे : 'आई, मी यात काही करू शकत नाही.'

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. मुकादमाने ऐकवलं, मालकाने ऐकवलं, फौजदाराने ऐकवलं. प्यायला पाणी द्या म्हटलं तरी हेच, बायांसाठी आडोशाला संडास बांधा म्हटलं तरी हेच. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी बसलेला असतो आणि काही करू शकणारा माणूस काही केल्या खुर्चीत सापडत नाही. तुझ्याही तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं, तेही ऐकलं. एकदाची यादी पुरी झाली.

तू लिहितेस, एकमेकींना मदत करण्याला कंपनीचा विरोध नाही, फक्त ज्याचं काम त्याच्या नावावर दिसलं पाहिजे. अगं, मदत कोण म्हणतंय? मदत करायला आम्ही काय एकमेकींच्या मावश्या लागतो? तू चांगली शिकलीस, पण हे कुणी तुला शिकवलेलं दिसत नाही, म्हणून नीट वाच.

पूर्वी ज्या बाईची पात आधी संपायची ती बांधावर जाऊन बसायची. मग दुसरी, मग तिसरी. पाणी प्यायच्या, गप्पा मारायच्या. शेवटी एखादी उरायची. आजारी, म्हातारी, नाहीतर नवीन लागलेली पोरगी. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची झाडं आणि मधल्या ओळीत ती एकटी. मग मुकादम त्या ओळीत शिरायचा, काम कुठवर आलं ते बघायला. शिट्टी म्हणायचो त्याला, गळ्यात कायम शिट्टी असायची. ओळीत शिरला की मात्र शिट्टी खिशात घालायचा. आम्ही बांधावर बसून बोलायचो आणि आम्हाला काही ऐकू यायचं नाही. ऐकू न येण्याची आम्हाला सवय झाली होती.

एकदा एक पोर तिच्या ओळीतून बाहेर आलीच नाही. सगळ्यांनी हाका मारल्या. ती मागच्या बाजूने निघून गेली होती, डबाही न घेता. पुन्हा कुणाला दिसली नाही. तिचा डबा कितीतरी दिवस बांधावर पडून होता, उचलायला कुणाचा हात धजत नव्हता. त्यानंतर मी ठरवलं की जिची पात संपेल तिने पाणीसुद्धा न पिता पलीकडे जायचं आणि मागे राहिलेलीला समोरून गाठायचं. दोन्हीकडून बाया आल्या की मध्ये मुकादमाला जागाच उरत नाही. हे एवढंच आहे ते. तुम्ही त्याला मदत म्हणा नाहीतर खोटी नोंद म्हणा.

त्यासाठी पूर्ण एक हंगाम संप झाला. पीक झाडावर सडलं, वास गावापर्यंत यायचा. तू तेव्हा एवढीशी होतीस, बांधावर क्रेटमध्ये झोपायचीस. शेवटी मालकाने कागदावर लिहून दिलं आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा सही केली. त्याआधी अंगठा लावायचे.

तो शिट्टी अजून तुमच्याकडेच आहे. बढती झालीये त्याची, पट्टे तोच वाटतो. त्याच्यावर काही नियम लागू होतो का ते बघून ठेव.


९ मार्च

मुली,

ह्या खेपेला चांगलं चार पानी पत्र लिहिलंस. कंपनीच्या कागदावर नाही, वहीच्या कागदावर. दोनदा वाचलं. खजिनदारीण बसली होती शेजारी, तिला वाचायला दिलं नाही. तिने तोंड वाकडं केलं. तुला आठवत असेल ती, संपात तुला कडेवर घेऊन हिंडायची. अजूनही संघटनेची पेटी तिच्याचकडे असते आणि अजूनही कुणावर विश्वास नाही तिचा, माझ्यावरसुद्धा.

तू लिहितेस, 'तू जगातल्या सगळ्या बायांना सामोरी गेलीस, माझ्या पातीला कधी आली नाहीस.' वाक्य चांगलं जमलंय. पंधरा तारखेच्या भाषणात घाल, टाळ्या पडतील.

शाळेत तुला बक्षीस मिळालं तेव्हा मी आले नाही, बरोबर. त्या दिवशी औषध फवारलेल्या शेतात बायांना उतरवलं होतं आणि दोघी चक्कर येऊन पडल्या होत्या. तुला ताप चढला तेव्हा मी नव्हते, बरोबर. मी कोठडीत होते, सहलीला गेले नव्हते. हवालदाराला मी सारखी विचारत होते की पोरीचं कळलं का, पोरीचं कळलं का. शेवटी तो वैतागून म्हणाला, बाई, तुला पोर आहे तर घरी बसायचं होतंस. आता तेच तू लिहितेस. इतकं शिकून तू हवालदाराच्याच मुक्कामाला पोचलीस.

तुझी फी संघटनेने भरली, तुझे कपडे बायांनी शिवले, तुझ्या परीक्षेच्या वेळी खजिनदारीण तुझ्या उशाशी बसली. तू म्हणतेस, 'मला चाळीस आया होत्या, एक नव्हती.' हेही वाक्य चांगलं आहे. वाक्यं जमवण्याची कला माझ्याकडून आली असणार, तुझे वडील तर गप्पच असायचे. ते गेले तेव्हाही काही न बोलता गेले.

माफी मी मागणार नाही. कुणाची मागितलेली नाही, जामिनासाठीसुद्धा नाही. मागितली असती तर तो ताप उतरायच्या आत घरी आले असते, तेवढं तुझ्या चार पानांत बसवून बघ.

आणि एक. कंपनीत नोकरी धरलीस म्हणून मी तुझ्याशी बोलणं सोडलं असं तू लिहिलंयस. मी बोलणं सोडलं नाही. तू ज्या दिवशी ते ओळखपत्र गळ्यात घालून घरी आलीस, त्या दिवशी मला काही बोलायला सुचलं नाही. मग तू निघून गेलीस आणि मग फार दिवस झाले. इतके दिवस झाल्यावर कुणी आधी बोलायचं हा प्रश्नच होऊन बसतो.

लांबडीचं काय ते लिहिलं नाहीस. चार पानांत तिला एक ओळसुद्धा मिळाली नाही.


१२ मार्च

मुली,

काल तू येऊन गेलीस. गाडी दारात उभी होती तोवर समोरच्या घरातल्या दोघी तीच तीच भांडी घासत होत्या. मी तुला बस म्हटलं नाही हे खरं आहे. खुर्चीवर वर्तमानपत्रं होती. तीही उचलली नाहीत. तू पाणी उभ्यानेच प्यालीस, फळीवरची औषधं वाचलीस, माझ्या गुडघ्याबद्दल विचारलं नाहीस. गुडघा बरा आहे. बरा म्हणजे दुखतो.

तू तोंडी जे सांगितलंस ते मी इथे लिहिते, कारण तोंडी तडजोडीने मी अनेकदा हात पोळून घेतलेत. मी पंधरा तारखेला यायचं, फुलं घ्यायची, मानपत्र घ्यायचं, कंपनीविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. त्याबदल्यात लांबडी त्याच दिवशी सकाळी कामावर. असं ठरलं.

माझ्या अटी :

कामावर घेतल्याचा कागद मी गाडीत बसण्याआधी लांबडीच्या हातात पाहिजे. तिने माफी लिहून द्यायची नाही. तिची पात धाकटीच्या शेजारीच राहील.

तू विचारलंस, 'तू एवढ्याशा गोष्टीसाठी येशील?' मी हो म्हटलं तेव्हा तुझा चेहरा पडला. का पडला ते मला कळलं नाही. मी तुझ्यासाठी येईन असं वाटलं होतं का तुला? तसं असेल तर तसं निमंत्रण द्यायचं होतंस, सोनेरी रेघेचं कशाला?

माझा सत्कार मी लांबडीच्या नोकरीला विकतेय. सौदा वाईट नाही. फुलं दुसऱ्या दिवशी वाळतात, नोकरी पुढच्या हंगामापर्यंत टिकते.


१६ मार्च

मुली,

कागद वेळेवर आला, तुझ्या सहीचा. लांबडीने तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि पहाटेच कामावर गेली. मी गाडीत बसले. तुझा ड्रायव्हर भला माणूस आहे, गुडघ्याकडे बघून पुढची सीट मागे सरकवून दिली. समारंभात तू समोरच बसली होतीस, सगळं पाहिलंसच. पण तू पहिल्या रांगेतून पाहिलंस, मी वरून पाहिलं, म्हणून लिहिते.

मंचावर मागे माझा संपातला फोटो लावला होता, भिंतीएवढा. छान दिसत होते मी. दंड काय, मान काय. हातात फलक होता तो मात्र कोरा. मूळ फोटोत त्यावर 'पाणी द्या, संडास द्या' असं लिहिलेलं आहे, तुम्ही ते पुसून घेतलंत. आता ती बाई कोरा फलक घेऊन कशासाठी ओरडतेय ते बघणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचं. संडास हा शब्द समारंभात बरा दिसत नाही, कबूल आहे. तो शेतावर नसतो तेव्हा कसा दिसतो ते आम्ही बघितलंय.

मोठे साहेब म्हणाले, बाई आमच्या परिवाराच्या सदस्य आहेत. परिवारातल्या बायांना नवीन टोप्या घालून मागे बसवलं होतं. मनगटावर पट्टे तसेच. धाकटी दोन खुर्च्यांच्या मध्ये अवघडून उभी होती. टाळ्या वाजवायला पहिली सुरुवात शिट्टीने केली. त्याचे केस पांढरे झालेत. फुलांचा गुच्छ माझ्या हातात द्यायला तोच पुढे आला. कुणी ठरवलं होतं हे? तूच ठरवलं असशील तर मला सांगू नकोस.

मी गुच्छ घेतला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. ती डबा टाकून गेलेली पोर माझ्या डोळ्यासमोर आली आणि मी गुच्छ घेतला. मग दोन मिनिटं बोला म्हणाले. आयुष्यात मी दोन मिनिटांत कधी थांबलेले नाही. काल अर्ध्या मिनिटात थांबले. 'कंपनीचे आभार,' एवढंच म्हणाले. मागे बसलेल्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता बाई काहीतरी बोलेल, आता बोलेल. मी खाली बसले. तेव्हा त्या ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मी ह्याआधी फक्त फितूर बाईकडे बघताना पाहिली होती. मीही त्याच नजरेने बघायचे.

तू टाळ्या वाजवल्या नाहीस. मी बघत होते.

आणि तुला म्हणून सांगते, खजिनदारणीला सांगणार नाही : टाळ्या वाजल्या तेव्हा बरं वाटलं. खोट्या होत्या, कुणाच्या होत्या तेही माहीत होतं, तरी बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला फसवणं किती सोपं असतं.

तडजोड दोन्ही बाजूंनी पाळली गेली. हिशेब मिटला. आता पुन्हा पत्र लिहायचं कारण नाही.


१९ मार्च

लांबडीला परत काढलं.

तिचा कागद शिट्टीने तिच्याच समोर फाडला. म्हणाला, ज्या बाईने सही केली तिला असा हुकूम काढायचा अधिकारच नव्हता, तिने तो आपल्या मनाने काढला होता, कंपनीला त्यातलं काही माहीत नाही.

म्हणजे तू मला गंडवलंस. अधिकार नसताना कागद दिलास, मला गाडीत घातलंस, त्या माणसाच्या हातून गुच्छ घ्यायला लावलास. तुझा समारंभ पार पडला, वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात तू माझ्या शेजारी उभी आहेस. तुम्हा लोकांचं काम झालं.

मालकांनी मला लाठ्या घातल्या, कोठडीत घातलं, पण माझ्या तोंडाला अशी पानं पुसायची त्यांची कुणाची छाती झाली नाही. ते कौशल्य घरातच तयार व्हायचं होतं. माझ्या बायांपुढे मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

पाळणाघरावरचं माझं नाव आजच्या आज खाली उतरवा. हा अर्ज समज.

मला पत्र लिहू नकोस. घरी येऊ नकोस.


२३ मार्च

मुली,

काल तुझा ड्रायव्हर आला होता. समारंभात मी मानपत्र खुर्चीवरच टाकून आले होते, ते द्यायला. दारातच उभा राहिला. मी म्हटलं, आता तुझ्या बाईंच्या गाडीत ते परत घेऊन जा. तो म्हणाला, बाईंची गाडी कुठे राहिली, बाईंनाच काढलं ना. तुम्हाला माहीत नाही?

मला माहीत नव्हतं. मी त्याला आत बोलावलं. वर्तमानपत्रं उचलून खुर्चीवर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. माणूस घाबरत होता, पण बोलला.

लांबडीला घ्यायचा हुकूम तू एकटीने काढलास. समारंभाच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांना ते कळलं. म्हणाले, रद्द करा. तू म्हणालीस, मग माझी आई येणार नाही, आणि तिच्या नावाच्या पत्रिका वाटून झाल्यात. तेव्हा त्यांनी समारंभापुरता तो हुकूम राहू दिला. समारंभ झाल्यावर त्यांनी तुझ्यापुढे कागद ठेवला : लांबडीने खोटं सांगून ही सही घेतली, असं लिहून द्या, तुमची नोकरी राहील. तू लिहून दिलं नाहीस. सामान एका क्रेटमध्ये भरून तू फाटकापर्यंत चालत गेलीस. उन्हात. ड्रायव्हर म्हणाला, मी सोडतो म्हटलं तर बाई नको म्हणाल्या, तुझी नोकरी जाईल.

माझं एकोणीस तारखेचं पत्र तोवर तुला पोचलं असणार. पोचलं तेव्हा तू घरीच असशील, कामावर जायचं नव्हतं तुला. तरीही तू उलट एक ओळ लिहिली नाहीस. मी नको लिहू म्हटलं म्हणून? इतर वेळी तू माझं कधी ऐकलंस?

तू हे लांबडीसाठी केलंस, की माझ्यासाठी, की तुझा समारंभ फुकट जाऊ नये म्हणून, ते मला कळत नाही. विचारणारही नाही. लांबडीच्या नावाने खोटं लिहून दिलं नाहीस, तेवढं मला पुरतं.

रात्रीच संघटनेची सभा बोलावली. लांबडीसाठी उद्यापासून फाटकावर उभं राहायचं हे सगळ्यांनी मान्य केलं. मग मी तुझा विषय काढला. म्हटलं, एका बाईला पाठीशी घातलं म्हणून दुसरीला काढलंय, मागणीपत्रात दोघींची नावं घालू.

खजिनदारीण उठली. म्हणाली, ''लांबडीला काढलं त्या कागदावर सही कुणाची होती?''

मी म्हटलं, ''माझ्या मुलीची.''

''आणि आम्हाला टोप्या घालून कुणी बसवलं?''

''तिनेच.''

''त्या शिट्टीच्या हातून तुला गुच्छ कुणी देवविला, बाई?''

मी मागणीपत्राचा कागद उलटा करून ठेवला. ती म्हणाली, ''पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तिचं वाईट झालं तर मला काय बरं वाटतंय? पण पट्टे बांधणाऱ्यांसाठी ह्या बायांनी उन्हात उभं राहायचं का, एवढं सांग.''

तिचं खरं होतं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, आणखी चार शब्द जास्त. मी मत टाकायला सांगितलं. मला स्वतःला हात वर करता येत नव्हता, नात्यातल्या माणसाचा प्रश्न असेल तर आपण मत द्यायचं नाही हा नियम मीच घातलाय. मी समोर उभी राहून मोजत होते. मोजायला काही लागलंच नाही. एकच हात वर झाला, लांबडीचा. तो लांबच आहे, सगळ्यांना दिसला. धाकटीने हात अर्धवट उचलला आणि खजिनदारणीकडे बघून केसांवरून फिरवला.

ठराव नामंजूर झाला असं मी मोठ्याने सांगितलं आणि पुढचा विषय घेतला.

तर संघटना तुझ्यासाठी उभी राहणार नाही. इतकी वर्षं जिच्या तिच्यासाठी मी भांडले आणि जिंकले, तुझ्यासाठी एकदाच भांडले आणि हरले. तू म्हणशील, माझ्या नशिबी हेच. म्हण. ह्या वेळी मी ऐकून घेईन.

उद्या सकाळी मी बायांच्या रांगेत असेन, लांबडीसाठी. दुपारी रांग सुटेल, बाया घरी जातील. मग मी रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहणार आहे, एकटी. संघटनेचा झेंडा घेणार नाही, तो माझा नाही. जमाव नाही, घोषणा नाहीत. एका माणसाने घोषणा दिली तर वेड लागलंय म्हणतात. लोक हसतील. आठवड्यापूर्वी ज्यांच्याकडून फुलं घेतली त्यांच्याच दारात म्हातारी उभी आहे म्हणतील. शिट्टी बघायला बाहेर येईल. येऊ दे.

फलक लिहायला बसले तर हात चालेना. 'आम्हाला', 'आमच्या', 'आमचा' हे शब्द मी डोळे मिटून लिहू शकते. हा एक शब्द मी फलकावर कधी लिहिलेला नव्हता. दोन पुठ्ठे वाया गेले. शेवटी जमलं तसं लिहिलं : 'माझ्या मुलीला कामावर घ्या.'

तुला ती नोकरी परत नको असेल तर तसं कळव. मी पुठ्ठा उलटा करून दुसरं काही लिहीन. पण उभी राहीन.